बावीस वर्षांच्या कोचबाई

मैत्रिणींनो, आपल्याकडे बावीस वर्षांच्या मुलीवर काय काय सोपवतात, ते जरा आठवून बघा. पाहुण्यांचं चहापाणी, धाकट्या भावाचा अभ्यास, आजीची औषधं. लग्न झालं असेल तर अख्खं सासर. ती हे सगळं निभावते, आणि त्यात कुणाला काही विशेष वाटतही नाही. पण एखादी मोठी संस्था, तिचा पैसा, तिचा नावलौकिक या वयाच्या मुलीच्या हाती कुणी दिला तर? "अजून लहान आहे हो ती," हे वाक्य लगेच येतं. म्हणजे घर सांभाळायला मोठी आणि खुर्चीवर बसायला लहान!

म्हणूनच अमेरिकेतल्या एका विद्यापीठाची गोष्ट मला तुम्हाला सांगावीशी वाटते. ३१ जानेवारी २०२३ रोजी नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठानं आपल्या मुलींच्या हॉकी संघाची मुख्य प्रशिक्षक म्हणून एरिन मॅट्सन हिची नेमणूक केली. वय बावीस. दोन-अडीच महिन्यांपूर्वीपर्यंत ती याच संघात खेळत होती. म्हणजे ज्या मुलींच्या शेजारी बसून बूट बांधायचे, त्यांनाच आता "आज तू बाहेर बसायचंस" असं सांगायचं! आणि गंमत म्हणजे ही जागा तिला कुणी घरी आणून दिली नव्हती. प्रशिक्षकाची जागा रिकामी होणार म्हटल्यावर, मला ती हवी आहे, असं तिनं स्वतःहून विद्यापीठाच्या क्रीडाप्रमुखांना सांगितलं होतं.

तिची खेळाडू म्हणून कामगिरी तशीच होती म्हणा. २०१८, २०१९, २०२० आणि २०२२ अशी चार राष्ट्रीय विजेतेपदं तिनं याच संघाकडून खेळून मिळवली होती. पण उत्तम खेळणं वेगळं आणि दुसऱ्यांकडून उत्तम खेळवून घेणं वेगळं. उत्तम स्वयंपाक करणाऱ्या बाईला दोनशे पानांची पंगत सांभाळता येईलच असं नाही, तसंच हे.

इथं थोडं मागं जायला हवं. आपल्याकडे हॉकी म्हटलं की ध्यानचंद आठवतात, नाहीतर 'चक दे इंडिया'. अमेरिकेत मात्र नुसतं हॉकी म्हटलं की बर्फावरची. आपण जिला हॉकी म्हणतो, ती तिथं मुख्यतः मुलींचा खेळ समजली जाते. याला कारण एक इंग्रज बाई. कॉन्स्टन्स अ‍ॅपलबी त्यांचं नाव. १९०१ साली त्या एका उन्हाळी अभ्यासक्रमासाठी अमेरिकेत आल्या आणि तिथल्या लोकांना त्यांनी हा खेळ खेळून दाखवला. मग मुलींच्या एकेका कॉलेजात जाऊन त्यांनी तो रुजवला. घोळदार स्कर्ट घालून मुली मैदानात धावू लागल्या. १०७ वर्षांचं आयुष्य लाभलेल्या या बाई १९८१ साली गेल्या. त्याच वर्षी अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्यापीठ क्रीडा संघटनेनं मुलींच्या हॉकीची पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरवली. आणि त्याच वर्षी कॅरेन शेल्टन नावाची एक तेवीस वर्षांची मुलगी नॉर्थ कॅरोलायनाच्या संघाची प्रशिक्षक झाली.

हो, तीही तेविशीचीच! प्रशिक्षक असतानाच ती अमेरिकेच्या राष्ट्रीय संघाकडून खेळत होती. १९८४च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या मुलींनी ब्राँझपदक मिळवलं, त्या संघात ती होती. पण विद्यापीठाच्या संघाला पहिलं राष्ट्रीय विजेतेपद मिळायला १९८९ साल उजाडलं. म्हणजे नऊ सीझन! एवढा काळ विद्यापीठानं तिला राहू दिलं. "तीन वर्षं झाली, करंडक कुठाय?" म्हणून दुसऱ्या कुणाला आणून बसवलं नाही. मला या गोष्टीत ही नऊ वर्षं फार मोलाची वाटतात. कारण पुढे काय झालं, तर या बाई तिथं थोड्याथोडक्या नाही, ४२ सीझन राहिल्या आणि दहा राष्ट्रीय विजेतेपदं त्यांनी मिळवून दिली. २०१८ साली विद्यापीठानं हॉकीसाठी नवं मैदान बांधलं, त्याला नावच दिलं 'कॅरेन शेल्टन स्टेडियम'. हयात असलेल्या, रोज कामावर येणाऱ्या बाईचं नाव मैदानाला!

आता तिथला सीझन म्हणजे काय असतो, तेही सांगते. ऑगस्टच्या अखेरीस सामने सुरू होतात, ते नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत चालतात. पंधरा-वीस सामने, कधी घरच्या मैदानावर, कधी शेकडो मैल लांब. आधी आपल्या विभागाची स्पर्धा, मग राष्ट्रीय स्पर्धा. तिच्यात एकदा हरलं की बाहेर. सरावाला आठवड्याला वीस तासांची मर्यादा, कारण या मुली शिकायला आलेल्या असतात, वर्ग बुडवून चालत नाही. संघाला शिष्यवृत्त्याही असतात. अनेक वर्षं नियम असा होता, की हॉकीच्या एका संघाला जास्तीत जास्त बारा पूर्ण शिष्यवृत्त्या. त्या मग वीस-पंचवीस मुलींमध्ये वाटून द्यायच्या. कुणाला अर्धी फी, कुणाला पाव. सगळं फुकट नसतं, पण खेळल्यामुळे मुलीच्या शिक्षणाचा भार थोडा तरी हलका होतो. घरच्यांना "खेळून काय मिळणार?" या प्रश्नाचं काहीतरी उत्तर मिळतं.

तर, या संघानं २०१८ आणि २०१९ अशी लागोपाठ दोन वर्षं एकही सामना गमावला नाही. २०२० सालचं विजेतेपदही त्यांचंच. करोनामुळे ती स्पर्धा २०२१च्या वसंतात झाली, एवढंच. मग आलं २०२१चं नेहमीचं हंगामी वर्ष, आणि हा तीन वेळचा विजेता संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या पहिल्याच फेरीत गारद झाला. हरवणारा संघ होता नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचा. तोच पुढे त्या वर्षीचा विजेता ठरला.

असं आपटल्यावर काय होतं, हे खेळलेल्या बाईला सांगायला नको. संघात कुजबूज सुरू होते, दोष कुणाचा याच्या चर्चा झडतात. पण २०२२चा सीझन बघा. एकवीस सामने खेळले, एकवीस जिंकले. अंतिम सामना २० नोव्हेंबरला कनेक्टिकटमधल्या स्टॉर्स इथं, आणि समोर पुन्हा नॉर्थवेस्टर्न. सामना १-१ असा बरोबरीत अडकला. हॉकीचा सामना साठ मिनिटांचा. शेवटची दीड मिनिटंही उरली नव्हती, तेव्हा मॅट्सननं गोल केला. २-१. विद्यापीठासाठीचा तिचा हा शेवटचा गोल. आणि शेल्टनबाईंचा हा शेवटचा सामना. डिसेंबरमध्ये त्यांनी निवृत्ती जाहीर केली. जानेवारी संपता संपता त्यांच्या जागी आल्या आपल्या बावीस वर्षांच्या कोचबाई.

सहाजिकच भुवया उंचावल्या. अनुभव नाही, वय नाही. संघातल्या काही मुली तिच्याहून वर्षा-दोन वर्षांनीच लहान. २०२३च्या सीझनमध्ये संघ तीन सामने हरलाही. सगळे जिंकून आलेल्या संघाच्या नव्या कोचला या तीन पराभवांचं ओझं किती वाटलं असेल, याची मी कल्पना करू शकते. नव्या सुनेच्या हातून भात करपावा आणि नेमकी त्याच दिवशी चार माणसं जेवायला असावीत, तसंच ते. पण संघ सावरला, अंतिम फेरीत पोचला. १९ नोव्हेंबर २०२३. मैदान घरचंच, कॅरेन शेल्टन स्टेडियम. समोर? अर्थातच नॉर्थवेस्टर्न!

सामना १-१. जादा वेळेतही निकाल लागेना. मग शूटआउट. त्यात एकेक खेळाडू चेंडू घेऊन एकटी गोलरक्षिकेवर चालून जाते आणि मोजक्या सेकंदांत तिला चकवून गोल करायचा असतो. रायली हेक या मुलीनं निर्णायक गोल केला आणि नॉर्थ कॅरोलायना पुन्हा विजेतं ठरलं. मॅट्सन तेव्हा तेवीस वर्षांची होती. अमेरिकेच्या विद्यापीठ क्रीडा संघटनेच्या सर्वोच्च गटात, कुठल्याही खेळात, राष्ट्रीय विजेतेपद मिळवणारी सर्वांत तरुण प्रशिक्षक म्हणून तिची नोंद झाली. पुढच्या वर्षी, २०२४ला, करंडक नॉर्थवेस्टर्ननं नेला. तरी "बघा, सांगितलं नव्हतं?" म्हणत कुणी तिची खुर्ची काढून घेतली नाही. ४२ सीझन एकाच बाईवर विश्वास ठेवलेली ती संस्था. धीर धरणं तिच्या अंगवळणी पडलं असावं.

आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. २०२२ आणि २०२३ या दोन्ही अंतिम सामन्यांत नॉर्थवेस्टर्नच्या बाजूलाही प्रशिक्षक बाईच होत्या, ट्रेसी फुक्स. १९८८ आणि १९९६च्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेकडून खेळलेल्या. म्हणजे मैदानात बावीस मुली आणि दोन्ही बाकांवर प्रमुख म्हणून बाया. आपल्याला वाटेल, मुलींचा खेळ आहे, मग असणारच की. पण तसं नसतं, आणि माझ्या आजच्या लिहिण्याचा खरा मुद्दा हाच आहे.

अमेरिकेत १९७२ साली एक कायदा झाला. 'टायटल नाइन' म्हणतात त्याला. त्याचं मुख्य कलम जेमतेम ३७ शब्दांचं. सरकारी मदत घेणाऱ्या कुठल्याही शिक्षणसंस्थेत स्त्री किंवा पुरुष म्हणून कुणाला डावलता येणार नाही, एवढंच ते सांगतं. खेळाचा त्यात उल्लेखसुद्धा नाही. तो मंजूर व्हावा म्हणून झगडणाऱ्यांत पॅट्सी मिंक या खासदारबाई होत्या. त्यांना डॉक्टर व्हायचं होतं, पण बाई म्हणून एकाही मेडिकल कॉलेजनं त्यांना प्रवेश दिला नव्हता. या कायद्यानं मैदानंही उघडली. कायदा होण्याआधी तिथल्या शाळांच्या संघांतून खेळणाऱ्या मुली सुमारे तीन लाख होत्या, आज तीस लाखांहून अधिक आहेत. कॉलेजांत तीस हजार होत्या, त्या दोन लाखांवर गेल्या.

पण याची दुसरी बाजू फारशी कुणी सांगत नाही. कायदा होण्याआधी मुलींच्या कॉलेज संघांच्या प्रशिक्षकांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक बाया होत्या. कारण त्या कामाला पैसा नव्हता, मान नव्हता. शारीरिक शिक्षणाच्या बाई संध्याकाळी थांबून संघ बघायच्या, झालं. कायद्यानंतर पगार आले, ऑफिसं आली, नाव होऊ लागलं. आणि आज मुलींच्या संघांच्या प्रमुख प्रशिक्षकांत बाया निम्म्याही नाहीत! खेळणाऱ्या वाढल्या, शिकवणाऱ्यांचा वाटा घटला. फुकटचं होतं तोवर बाईचं काम, पगार आला की पुरुषाचं. ओळखीचं वाटतं ना? घरात रोज स्वयंपाक करते ती बाई आणि लग्नकार्यात पैसे घेऊन करतात ते आचारी!

म्हणून मला शेल्टनबाईंनी जिंकलेल्या दहा करंडकांइतकंच त्यांच्यानंतर त्या खुर्चीवर कोण बसलं, हे महत्त्वाचं वाटतं. बाईनं वाढवलेलं काम बाईच्याच हाती गेलं. तेही कुणी उपकार म्हणून दिलं नाही. तिनं मागितलं, आणि करून दाखवलं.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं सातासमुद्रापलीकडचं, आमचं काय? तर आपलाही यात थोडा संबंध आहे. जानेवारी २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकसाठीची पात्रता स्पर्धा आपल्या रांचीत झाली. आपल्या मुली त्याआधीच्या टोकियो ऑलिंपिकमध्ये चौथ्या आल्या होत्या, त्यामुळे आशा मोठी होती. आपल्या संघात फलटण तालुक्यातल्या आसू गावची वैष्णवी फाळकेही होती. १३ जानेवारीला पहिलाच सामना अमेरिकेशी आणि आपण ०-१ हरलो. तो एकमेव गोल करणारी अबिगेल टेमर ही मिशिगन विद्यापीठाच्या संघातली मुलगी. पुढे जपानविरुद्धही आपण ०-१ हरलो आणि पॅरिस हुकलं. अमेरिका गेली. त्यांच्या राष्ट्रीय संघातल्या बहुतेक मुली अशाच विद्यापीठांच्या सीझनमधून तयार होऊन आलेल्या असतात.

त्या वेळी आपल्या संघाच्या प्रशिक्षक होत्या नेदरलँड्सच्या यानेके शोपमन. त्याआधी काही वर्षं त्या अमेरिकेच्याच संघाच्या प्रशिक्षक होत्या. रांचीनंतर लवकरच त्यांनी राजीनामा दिला. जाताना त्यांनी उघड बोलून दाखवलं, की इथं बाई म्हणून काम करताना मला मान मिळत नाही, माझ्या म्हणण्याला किंमत दिली जात नाही. यावर तेव्हा बरीच चर्चा झाली आणि नेहमीप्रमाणे ती विरूनही गेली.

मला ते बोलणं विसरता येत नाही. ऑलिंपिक खेळलेल्या, सुवर्णपदक मिळवलेल्या बाईला असं वाटत असेल, तर तालुक्याच्या कॉलेजात मुलींचा संघ बांधू बघणाऱ्या एखाद्या मॅडमचं काय होत असेल? मुलींना सरावाला सोडा म्हणून घरोघर फिरायचं. मुलांची क्रिकेटची प्रॅक्टिस संपल्यावर उरलेल्या अंधुक उजेडात मैदान मिळवायचं. बाहेरगावी सामना असला, की "तुम्ही स्वतः सोबत आहात ना?" हे दहा पालकांना दहा वेळा सांगायचं. आणि एवढं करून संघ जिंकलाच, तर सत्काराच्या फोटोत मधोमध उभं कोण? संस्थेचे पदाधिकारी!

आपल्या मुली खेळत नाहीत असं अजिबात नाही. खो-खो, कबड्डीत आपल्या लहान गावांतल्या मुलींना तोड नाही. हॉकीत म्हणाल तर १९८२च्या दिल्ली एशियाडमध्ये सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय संघाच्या कर्णधार आपल्या पुण्याच्या एलिझा नेल्सन होत्या. वैष्णवी फाळके पुण्याच्या क्रीडाप्रबोधिनीत घडली, म्हणजे सरकारनं सोय केली तर गावातली मुलगी कुठवर जाते, हेही आपण बघितलंय. पण बाकीच्या मुलींचं गणित ठरलेलं असतं. दहावीपर्यंत खेळ, कारण खेळाचे वाढीव गुण मिळतात. बारावीला खेळ बंद, कारण वर्ष महत्त्वाचं. कॉलेजात जिद्दीनं खेळलीच, तर आंतरविद्यापीठ स्पर्धेचे चार-आठ दिवस. हरली तर एका सामन्यात परत. सीझन असा नाहीच. पडायला, उठायला, पुन्हा पडायला वेळच मिळत नाही. २०२१ला पहिल्याच फेरीत हरलेल्या मुली २०२२ला एकवीसच्या एकवीस सामने जिंकू शकल्या, कारण त्यांना ते पुढचं वर्ष मिळालं होतं. आपल्याकडे त्या पुढच्या वर्षी निम्म्या मुलींची लग्नं ठरलेली असतात.

अमेरिकेत सगळं छानच आहे, असा माझा दावा नाही. तिथं हॉकी बऱ्याचदा खात्यापित्या घरच्या मुलींचा खेळ असतो. लहानपणापासून क्लबच्या फिया भराव्या लागतात, त्या सगळ्यांना परवडत नाहीत. आपल्या संघात झारखंड, ओडिशातल्या गरीब घरांतून, बांबूची काठी घेऊन खेळायला लागलेल्या मुली येतात. तो मोकळेपणा तिथं नाही. आणि तिथल्यासारखी मैदानं, तिथल्यासारखा पैसा आपल्या कॉलेजांकडे उद्या येईल, अशा भ्रमातही मी नाही.

पण काही गोष्टींना पैसा लागत नाही. तुमच्या गावात कधीकाळी जिल्हा, राज्य पातळीवर खेळलेली एखादी बाई नक्की असेल. आता ती कुणाची तरी वहिनी आहे, कुणाची तरी काकू. तिची प्रमाणपत्रं कपाटात साड्यांखाली आहेत. तिला शाळेतल्या मुलींना शिकवायला बोलवायला काय हरकत आहे? मात्र मानधन देऊन, बरं का. फुकट नको. फुकट म्हटलं की काय होतं, ते वर सांगितलंच. मुलगी कॉलेजात असेल, तर पालकसभेत एवढं विचारून बघा: मुलींचा संघ आहे का? मैदान त्यांना कोणत्या वेळी मिळतं? आणि त्यांना शिकवायला कोण आहे? तीनच प्रश्न आहेत. पहिल्यांदा विचारणारीकडे सगळे वळून बघतील, हे नक्की. तिच्या शेजारी बसलेल्या बाईनं तेच प्रश्न दुसऱ्यांदा विचारावेत.

आणि तुमच्या घरात एखादी विशी-बाविशीची मुलगी "हे काम मी करते, मला द्या" म्हणत असेल, तर "अजून लहान आहेस" म्हणण्याआधी थोडं थांबा. तिचे पहिले तीन सामने हरतीलही. त्यानंतरही ते काम तिच्याकडेच राहू द्या.